रिलेला डायोड लावला का?

जळके ट्रान्झिस्टर आम्ही कचऱ्यात टाकतो. किस्से टाकवत नाहीत, म्हणून साचत जातात.

पंपाचे आणि इन्व्हर्टरचे कंट्रोलर बनवणारी गुरुग्राममधली आमची छोटी कंपनी. मालक खुराना सर, मी आणि सलीम. सलीम परभणीचा इंजिनिअर. दिल्लीला मुनिरक्यात खोली घेऊन यूपीएससी करायला आला आणि आमच्याकडे सोल्डरिंग करण्यात रमला. "ताई, कलेक्टर झालो असतो तर एवढा धूर बघायला मिळाला असता का?" म्हणतो!

*

रिले म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, जाणाऱ्या विजेने चालू-बंद होणारा स्विच. त्याला डायोड कशाला, हे सलीमने सरांना समजावलं. "सर, रिले बंद होते ही कॉइल गुस्से में उलटा झटका मारती है. सर्किट जल सकता है. डायोड वो झटका चुपचाप झेल लेता है."

सर खूश! "अच्छा, मतलब शादीशुदा आदमी!"

मागच्या खुर्चीत त्यांच्या मिसेस बसल्या होत्या, हे ते विसरले होते. दुपारी सरांनी डबा आमच्यातच खाल्ला.

*

एकदा डेमोच्या बोर्डवर डायोड लावायचाच राहिला. सोसायटीची कमिटी गच्चीवर जमली. टाकी भरली, पंप बंद झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण झटक्याने कंट्रोलर रीसेट झाला आणि पंप पुन्हा चालू! पुन्हा बंद, पुन्हा चालू. पाणी टाकीवरून थेट सेक्रेटरींच्या बुटांत.

सेक्रेटरी म्हणजे रिटायर्ड कर्नल. शांतपणे बूट काढून म्हणाले, "फव्वारा तो हमने मँगवाया ही नहीं था!"

*

डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो; त्याच्या एका टोकाला पट्टी असते, ती प्लसकडे हवी. उलटा लावला की रिले चालवणारा ट्रान्झिस्टर गेलाच. हे आमच्याकडे इतक्यांदा घडलं, की माझी लेक घरात कसलाही जळका वास आला की विचारते, "आई, पट्टी उलटी लावली का?"

परवा पोळी करपली तेव्हासुद्धा!

*

मेट्रोत मी सरांना फोनवर सांगत होते, "सर, रिले तो ठीक है, लेकिन वो बेचारा चल बसा. परसों ही तो लगाया था." ट्रान्झिस्टरबद्दल, अर्थातच.

फोन ठेवला तर शेजारच्या आंटींनी माझा हात धरला. "बेटा, बहुत बुरा हुआ. नौकरी नई-नई थी?"

मी "हां जी," म्हटलं. उतरेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

*

आणि हा परवाचा.

एका मराठी कुटुंबाचा फोन आला. घरातले आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आता दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनवर. वीज गेली की आमच्या कंट्रोलरच्या डब्यातल्या रिलेने मशीन इन्व्हर्टरवर टाकायचं. तो डबाच मधूनमधून हँग होत होता. सूनबाई रडवेल्या झाल्या होत्या. "दर वेळी सिलिंडर लावायला धावावं लागतं हो!"

सलीम आणि मी तसेच निघालो. सलीमने डबा उघडला. डायोडचा एक पाय सोल्डरमधून सुटला होता. नवा डायोड लावला, पट्टी तीनतीनदा तपासली.

आता मेन स्विच बंद करून बघायचं होतं. सूनबाई सिलिंडर तयार ठेवून उभ्या राहिल्या. सलीमचा हात स्विचवर थांबला.

"आजोबा, बंद करू?"

आजोबांनी मान हलवली.

खट्!

रिले वाजला. पंखा थांबला. मशीनची घरघर मात्र चालूच. आम्ही तिघं मशीनकडे बघत पुतळ्यासारखे उभे. सलीमने पुन्हा वीज चालू केली, पुन्हा बंद केली. घरघर चालूच.

आजोबांनी नाकावरची नळी जरा सरकवली, सलीमकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे बाळा, माझं छान चाललंय. आता तू घे की श्वास!"