आर्डिसने निवडलेल्या पुंगळ्या

कल्पना करा, तुमच्यासमोर टेबलावर एक बादली उपडी केली आहे. तिच्यातून काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घरंगळत आल्या आहेत, सकाळपासून नेमबाजी क्लबाच्या रेंजवर झाडलेल्या पिस्तुलांच्या. सगळ्या पिवळ्या, सगळ्या धुराने काळवंडलेल्या, सगळ्या बोटाच्या पेराएवढ्या. त्या वेगवेगळ्या करायच्या, म्हणजे ज्याला हव्यात त्याला पुन्हा भरता येतील. नऊ मिलिमीटरची पुंगळी चाळीस कॅलिबरच्या पोटात शिरून बसते, चाळीसची पंचेचाळीस कॅलिबरच्या पोटात, आणि वरवर पाहिलं तर एकच दिसते. 'तीनशे ऐंशी' म्हणतात ती म्हणजे नऊची धाकटी बहीण. घेर जवळपास तोच, उंचीला जरा कमी. काही तर पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या. त्या लोहचुंबकालाच सापडतात. तुम्ही थोड्याच वेळात वैतागाल. आर्डिस ट्वेट वैतागत नाही. तिचे हात निवडत असतात आणि तोंडाने ती क्लबातल्या प्रत्येकाची खबर घेत असते.

अमेरिकेतल्या आमच्या माँटानाच्या धान्यकोठारात, गव्हाचे नमुने तपासायच्या खोलीत तिने सगळी नोकरी केली. चिमट्याने गव्हातून रानओट, म्हणजे त्यात मिसळलेले तणाचे दाणे, वेगळी काढायची, एवढंच काम. "ज्याला रानओट ओळखता येते," ती म्हणते, "त्याला पितळ म्हणजे सुट्टी." नवरा लीफ पुंगळ्यांत बंदुकीची दारू घालून काडतुसं भरायचा आणि ही त्याला पुंगळ्या निवडून द्यायची. लीफचा एक नियम होता, तो इथे सगळ्यांचाच आहे: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचं नाही. दारू जास्त पडली असली तर पिस्तूल हातात फुटतं, म्हणून. सख्खे भाऊसुद्धा एकमेकांची वापरत नाहीत आणि त्याचा कुणी रागही मानत नाही. लीफ गेल्यावर त्याने भरून ठेवलेली काडतुसं आर्डिसने एकेक करून उकलली, शिसं, दारू, पितळ वेगळं केलं, आणि मग भरायला स्वतः शिकली.

तिची मुलगी कारीन गुराढोरांची डॉक्टर आहे. ती दूर राहते, पण क्लबाच्या सामन्यांना वडिलांचं पंचेचाळीसचं पिस्तूल घेऊन येतेच. या वर्षीच्या पहिल्या सामन्याला आर्डिसने तिच्यासाठी दोन डबे काडतुसं भरून आणली होती. कारीनने ती हळूच बाजूला सारली.

"आई, मी दुकानातून आणलीत."

"घरात एवढी भरून ठेवलीत आणि तू पाहुण्यासारखी दुकानातून आणतेस?"

"बाबांचा नियम."

"तो परक्यांसाठी होता गं."

"ते तुझ्याही हातची वापरत नव्हते."

"मी तेव्हा भरतच नव्हते!"

"नशीब त्याचं," शेजारच्या टेबलावरून ग्लेन रूड म्हणाला. तो लीफचा जुना दोस्त. सगळे हसले, आर्डिसही हसली, पण ते डबे तिने गाडीत सीटखाली ढकलले तेव्हा ती हसत नव्हती. लेकीने एकदा तरी आपल्या हातचं काही त्या पिस्तुलात घालावं, एवढीच तिची इच्छा होती.

पण हार मानणारी बाई नाही ती. पुढच्या सामन्याआधी तिने कारीनला फोन केला. "तू घरी ये आणि तूच भर. दारू तू मोज. मी फक्त निवडून देते. निवडण्याच्या बाबतीत तर बाबा माझ्यावरच विसंबायचे, खरं की नाही?"

कारीनने शनिवारी यायचं कबूल केलं.

त्या शनिवारी मी, क्लबातला इंजिनिअर म्हणून, आर्डिसच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायच्या प्रेसची, त्या दांड्याच्या यंत्राची, स्प्रिंग बदलायला गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. कारीन दांडा ओढत होती. प्रत्येक ओढीला पुंगळी पुढच्या घरात सरकायची, आणि भरलेलं काडतूस पेटीत टपकायचं. छान लय लागली होती. मग एकदम दांडा अडला. कारीनने त्याच क्षणी हात काढला. जोर केला नाही, हे फार बरं झालं.

तिने पुंगळी काढून तळ दाखवला. तळाच्या मधोमध टिकली बसवायचं भोक असतं. पिस्तुलाचा घाव बसला की ती टिकली ठिणगी टाकते. पंचेचाळीसचं भोक मोठं असतं, पण काही कारखान्यांनी लहान भोकाच्याही पुंगळ्या काढल्या. बाकी काही म्हणता काही फरक नाही. लहान भोकात मोठी टिकली जोराने दाबली तर ती तिथल्या तिथे पेटू शकते.

आर्डिसने पुंगळी उजेडात धरली. "ही कंपनी मोठ्या भोकाच्याच करते," ती म्हणाली. मग तिने भोक जवळून निरखलं. तिची चूक मला आणि कारीनला कळली. इतकी वर्षं निवडून तिला तळाच्या कडेवरची अक्षरं इतकी पाठ झाली होती, की नुसती अक्षरं वाचून ती पुंगळी टाकायची आणि भोकाकडे बघायचंच तिने सोडून दिलं होतं. कंपनीने तर लहान-मोठ्या दोन्ही भोकांभोवती तीच अक्षरं छापली होती.

"आई, एकच तर आहे."

"एक? नमुन्यात एक रानओट सुटलेली कळली की मी अख्खा नमुना परत चाळायची." तिने निवडलेल्या पुंगळ्यांची सगळी पेटी टेबलावर ओतली. "तू कॉफी टाक जा."

कारीनने कॉफी टाकली नाही. स्टूल ओढून शेजारी बसली. दोघींनी पुंगळ्या तोंडं खाली करून ट्रेमध्ये ओळीने उभ्या केल्या. भोकं वर आली की लहान भोक लगेच डोळ्यात भरतं.

"ही बघ, आणखी एक."

"ती ग्लेनची असणार."

"ग्लेनकडे पंचेचाळीसचं पिस्तूलच नाही, आई."

"मग त्याने कुणाची तरी टाकली असणार. त्याचा स्वभावच तसा."

रविवारच्या सामन्यात कारीनने आपण भरलेली ती काडतुसं झाडली. एकही अडलं नाही. शेवटी तिने उरलेल्या काडतुसांनी मॅगझिन भरून ठेवलं, वडिलांचं पिस्तूल रिकामं दिसेल असं उघडं करून आईपुढे टेबलावर ठेवलं. "आता तू."

आर्डिसचा हात पुढे आला आणि थांबला.

"नियम म्हणजे नियम, आर्डिसबाई," ग्लेन म्हणाला. "ज्याने दारू मोजली, त्याचं काडतूस."

"तू गप रे. तुला कुणी विचारलं?"

पण तिने पिस्तूल उचललं नाही. मॅगझिन कारीननेच रिकामं केलं, आणि ती काडतुसं आर्डिसने घरी नेली. अजून तशीच ठेवली आहेत. मी भेटलो की ती मला धरते: "तू इंजिनिअर ना? मग सांग. चुकीची पुंगळी पुढे गेली, तर चूक माझी ठरली. ती मी मानलीही. मग बरोबर निवडलेल्या पुंगळीचं काडतूस माझं का नाही?"