हळद प्यालेली मोटार

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सौंसर तालुक्यात मोटारीला घरची हळद पाजण्याचा मान आमच्या कुटुंबाकडे जातो. रामाकोन्यापासून पांढुर्ण्यापर्यंत कुणाचा यावर दावा असेल, तर त्याने आधी आपली मोटार दाखवावी आणि मगच तोंड उघडावे.

आमची मोटार आटवलेल्या दुधाच्या रंगाची होती. नागपूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून बाबांनी ती आणली तेव्हा मी तिसरीत होते. दार उघडलं की उन्हात तापलेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि आमच्या बगिच्यातल्या संत्र्यांचा असा एकत्र वास अंगावर यायचा… कापसाच्या दिवसांत त्यात सरकीचाही उग्र, तेलकट वास मिसळायचा, आणि मागच्या सीटवर पाय पसरून बसलेल्या मला वाटायचं, श्रीमंतीचा वास तो हाच. या श्रीमंतीत एकच खोट होती. गाडी पाणी प्यायची. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा, आणि बाजाराला जाऊन येईपर्यंत तो कोरडा ठणठणीत. बरं, खाली ओल म्हणावी तर थेंबाचीही नाही. पांढुर्ण्याच्या मिस्त्रींनी रेडिएटरला डाग दिला, रबरी नळ्या बदलल्या, झाकण बदललं आणि शेवटी हात जोडले.

एरवी बाबांनी हे हसण्यावारी नेलं असतं, पण त्यांचा शब्द अडकला होता. छिंदवाड्याला दिलेल्या आत्याला ते दरवर्षी दिवाळीला माहेरी आणत, बसच्या गर्दीत, ट्रंक डोक्यावर घेऊन. त्या वर्षी राखीला गेले असताना त्यांनी तिच्या सासरी, भरल्या ओसरीत सांगून टाकलं होतं, “या दिवाळीले ताईले गाडीनं नेतो.” आत्याचे यजमान, आमचे फुफाजी, पान लावत होते. मान वर न करता ते म्हणाले, “न्या ना, साळेबुवा. घाटात बैलजोडी पाठवू का, का तुमची तुम्ही आणता?” ओसरी हसली. आत्या दाराआड उभी होती, ती हसली नाही. बाबा घरी आले ते तिचा तो चेहरा मनात घेऊनच. “आता गाडी घाटात थांबली ना,” ते आईला म्हणाले, “तर मले दोन दिवस हसतीन, तिले वर्षभर.”

दिवाळी तोंडावर आली, तेव्हा कुणा ट्रक ड्रायव्हरनं बाबांना सांगितलं, रेडिएटरमध्ये हळद टाका, भोक आपोआप बुजते. सांगणाऱ्यानं चमचाभर सांगितली असणार. पण आमच्याकडे कुठलीही गोष्ट पाहुणे जेवायला आल्यासारखी करायची पद्धत! आईनं वर्षाची म्हणून कुटून, चाळून, बरणीत भरलेली हळद बाबांनी अर्धीअधिक रेडिएटरमध्ये रिकामी केली आणि इंजिन चालू करून, हात पुसत, यशाची वाट पाहत उभे राहिले.

यश काही आलं नाही. आई आली.

“काहो, बरणी काहून हलकी लागून राहिली?”

“गाडीले देल्ली थोडी.”

“थोडी?” आईनं पदर खोचला. “सरका. माही हळद कुठं गेली ते तरी पाहू द्या.”

बॉनेटखाली वाकून तिनं आधी रेडिएटर पाहिला, मग नळ्या, मग अंगाची घडी करून इंजिनाची ती बाजू, जिकडे धुराचा नळा तापून लाल होतो आणि कुणी हात घालत नाही… त्या नळ्यामागे, काळ्याकुट्ट लोखंडावर, सुकलेल्या हळदीचा एक पिवळाजर्द ओघळ होता. देवघरातल्या ताज्या झेंडूसारखा टवटवीत.

“हे पहा,” आई म्हणाली. “अठून जाऊन राहिलं तुमचं पाणी.”

इंजिनाच्या पोटातल्या पाण्याला तिथं वाटीएवढं पत्र्याचं झाकण ठोकलेलं असतं. ते गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं, आणि झिरपलेलं पाणी तापलेल्या नळ्यावर पडून जागच्या जागी वाफ होऊन जायचं. खाली थेंब पडणार कुठून? पाणी मागे काही ठेवत नव्हतं. हळदीनं ठेवलं.

बाबा नागपूरहून नवं झाकण घेऊन आले. नळा उतरवला, जुनं झाकण उपसलं, आणि नवं ठोकायला हातोडी उचलली, तर आई म्हणाली, पत्रा चेपंल. मग तिची कपडे धुवायची मोगरी आली. आई लाकडाचा गट्टू झाकणावर धरून होती आणि बाबा त्यावर मोगरीनं हलके हलके ठोके देत होते. उरलेली हळद धुऊन काढली, तर अंगणातून असा पिवळा ओहोळ वाहिला, की शेजाऱ्यांची पांढरी कोंबडी दिवाळीभर नवरीसारखी हिंडली.

आणि घाट! सागाच्या पानांवर धूळ, वळणावळणावर बॉनेट उघडून वाफा टाकत उभे असलेले ट्रक, आणि त्यांच्या शेजारून आमची म्हातारी, घसा खाकरत, पण न थांबता… बाबा इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत होते, आई समोर रस्त्याकडे, आणि मी त्या दोघांच्या मानांकडे. इतक्या ताठ माना मी त्यानंतर कुणाच्या पाहिल्या नाहीत.

ती मोटार आज नाही, बाबाही नाहीत. माझ्या गाडीच्या इंजिनावर गुळगुळीत काळं झाकण आहे. आत काय चाललंय ते मला कुणी दाखवत नाही. पण भाजीत हळद टाकताना तापलेल्या लोखंडाचा वास येतो, येतोच… आणि दिसतं ते छिंदवाड्याचं दार. आत्या नवं लुगडं नेसून, अख्ख्या गल्लीकडे एकदा पाहून घेऊन, मागच्या सीटवर राणीसारखी बसलेली. फुफाजींनी गाडीला एक फेरी मारली. चाकं पाहिली, खाली वाकून जमीन पाहिली, बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला. बाबांनी गाडी सुरू केली, तशी या रुबाबदार जावयाच्या तोंडून, साऱ्या ओसरीदेखत, निघून गेलं—

“थांबा ना जी, मीही येऊ का माहेराले?”