राहिलेली धाव

मैदानाच्या कडेच्या बाकावर बापूकाका काल एकटेच बसले होते. पोरं खेळून कधीच घरी गेली होती, तरी काकांची मान डावीकडून उजवीकडे फिरत होती, धावणाऱ्या माणसामागे फिरावी तशी.

काकांसारखा फलंदाज गावात पुन्हा झाला नाही. पण गुडघ्यांनी वरचेवर दगा दिला. शेवटी शेवटी ते नुसते फटके मारत, त्यांच्यासाठी धावायला रनर असे. एकदा फटका इतका सुरेख बसला की रनर आहे हे विसरून ते स्वतःच पळाले आणि अर्ध्या वाटेत कोसळले. पुन्हा खेळलेच नाहीत.

माणूस पडतो तेव्हा सगळाच पडतो का?

"काका, कुणाला बघताय?" मी जवळ जाऊन विचारलं.

"मी पोचतो का, ते बघतोय."

वारा पूर्ण पडलेला होता. खेळपट्टीवर मात्र पावलापावलाने धूळ उडत होती.