शालनिया

सर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटाने टकटक करायचे. यजमान बसा म्हणेपर्यंत त्यांचं ऐकून झालेलं असायचं. "एकेरी आहे. उन्हाळ्यात तापत असेल," म्हणायचे. गारखेड्यात तेव्हा नवी घरं उठत होती. वास्तुशांतीला सरांना बोलावणाऱ्याचा जीव खालीवर व्हायचा. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हळूच म्हणायच्या, "अहो, जेवायला आलोय आपण."

ते आमच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. औरंगाबादचा दगड लाव्हाचा, त्यात जीवाश्म कुठले सापडणार? सरांचे दगड दक्षिणेतल्या समुद्रकाठाहून खोक्यांतून यायचे. ते आम्लात विरघळवायचे आणि जे उरेल ते काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. एकदा माझे वडील बिडकीनहून मला भेटायला आले. त्यांनी सरांना सरळ विचारलं, "सर, पोरगी दिसभर त्यात काय बघती ओ?"

डायनोफ्लॅजेलेट हे नाव सरांनी त्यांच्यापुढे घेतलंच नाही. म्हणाले, "घरं बघते. समुद्रात तरंगणारा एक जीव असतो, डोळ्यांना न दिसणारा. दिवस वाईट आले की तो स्वतःभोवती भिंत बांधतो आणि तळाशी जाऊन बसतो. दिवस बरे आले की भिंतीला भोक पाडून निघून जातो. घर तेवढं मागं राहतं. करोडो वर्षं राहतं."

"अन् त्ये रिकामं घर कुणाचं, ह्ये तुमी सांगायचं?"

"व्हय," सर हसून म्हणाले. "भिंतीवरनं."

त्यांचं सगळं काम त्या भिंतीवर उभं होतं. बाकीचे लोक या कवचांची वर्गवारी बाहेरच्या आकारावरून, शिंगांवरून, काट्यांवरून करायचे. सर म्हणायचे, आकार फसवतो. भिंत एका थराची आहे की आत एक आणि बाहेर एक अशी दोन थरांची, ते आधी पाहा. शिंगं असलेल्या एका मोठ्या वंशात वाटेल ते कोंबलं गेलंय, असा त्यांचा दावा होता. ते निझामाच्या काळात उर्दूत शिकलेले. आम्ही काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "तसल्ली झाली का?" खात्री नाही म्हटलं की पुन्हा बघायचं.

आकृत्या त्यांची मुलगी शालन काढायची. एकुलती एक, माझ्याच वयाची. सूक्ष्मदर्शकाला आरसा लावून कागदावर पडणारी प्रतिमा ती टाकाने गिरवायची. वडिलांशी वाद घालण्यात तिचा हात कुणी धरला नसता. "बाबा, मला दिसतं तेच मी काढणार. तुम्हाला दिसावंसं वाटतं ते नाही." सर रागावल्यासारखं करून बाहेर जायचे आणि मला म्हणायचे, "बघितलंस? बापाला सोडत नाही!" चेहरा मात्र उजळलेला असायचा.

एका उन्हाळ्यात शालनला कावीळ झाली. औषधपाणी, पथ्य, सगळं झालं. ती गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर सर विभागात आले आणि तिच्या टेबलाशी बसले. तिची शेवटची आकृती तिथंच होती. शिंगं असलेलं एक कवच, पण भिंत एकाच थराची. शिंगवाल्या वंशाची खूण दुहेरी भिंत, त्यात एकेरी बसत नव्हती. सरांनी ते कवच पुन्हा पाहिलं, मीही पाहिलं. आम्हाला दोघांनाही एकच थर दिसला. सरांनी त्याचा नवा वंश केला आणि त्याला नाव दिलं शालनिया. शोधनिबंध छापून आला तेव्हा काकूंनी माझ्याकडून त्या नावाची इंग्रजी अक्षरं ओळखून घेतली. मग देवघरात तो ठेवून त्या अक्षरांवर त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं.

पुढे काही वर्षांनी बाहेरगावच्या एका संस्थेत आमच्यापेक्षा कितीतरी पट मोठं करून दाखवणारा नवा सूक्ष्मदर्शक आला. सरांनी आमची काही कवचं कापून त्यांची छायाचित्रं घ्यायला मला पाठवलं. शालनियाच्या भिंतीत दोन थर होते. एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले, की फक्त शिंगांच्या टोकाशी जरासे सुटले होते. काचपट्टीवर ते कुणालाच दिसले नसते.

मी छायाचित्रं सरांच्या घरी नेली. त्यांनी भिंग घेतलं. एकेक छायाचित्र शिंगांच्या टोकापर्यंत तपासलं. मग मलाच विचारलं, "तुझी तसल्ली झाली?"

"हो, सर."

"मग हा जुनाच वंश आहे. नाव मागं घ्यावं लागेल."

काकू दारात उभ्या होत्या. "कुठलं नाव?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या आत आल्या. "राहू द्या ना हो. एवढंसं तर आहे ते. कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसलं," सर म्हणाले.

"तुम्हाला! तुम्ही बाप आहात तिचे."

"म्हणूनच. ती असती तर तिनंच ही आकृती फाडून नवी काढली असती."

"ती असती तर," काकू म्हणाल्या, "मला नावाची गरज नसती."

सरांनी दुरुस्तीचा निबंध स्वतःच्या हाताने लिहिला. नवी आकृती मला काढायला सांगितली. मी दुसरा थर काढत होते तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यानंतर त्या घरात बोलणं कामापुरतं उरलं. चहा, औषध, पाहुणे. सर निवृत्त झाले, थकले, आणि एका पहाटे झोपेतच गेले. काकू रडल्या नाहीत.

वर्षश्राद्धाला मी गेले होते. माणसं पांगल्यावर काकूंनी मला जवळ बसवलं. "एक विचारू? तिचं नाव आता कुठंच नाही का?"

"आहे की," मी म्हणाले. "जुन्या वंशाच्या नावाखाली बारीक अक्षरात कायम राहतं. एकदा दिलेलं नाव पुसत नाहीत. शिवाय या जीवांना वनस्पतींच्या नावांचे नियम लागतात, आणि त्या नियमाने ते पुन्हा दुसऱ्या कुठल्याही वनस्पतीला किंवा असल्या जीवाला देता येत नाही."

"दुसऱ्या कुणालाच नाही?"

"कधीच नाही."

काकू माझ्याकडे सरकल्या.

"हे त्यांना ठाऊक होतं?"

"त्यांनीच मला शिकवलं, काकू."

"मग मला का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, आणि मग अगदी हळू, "मी विचारलंच नाही गं." पदर तोंडाशी धरून त्या रडायला लागल्या. नवऱ्यासाठी त्या पहिल्यांदाच रडत होत्या.