एकांतऱ्याचा सोबती

कॉलेजच्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तो ताप घेऊनच. मुंबईहून बोटीने बंदरावर उतरलो, होडीने खाडीतून म्हसळ्याला आलो आणि तिथून दोन तास चालून घरी पोचलो, तेव्हा अंगात कणकण होती. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझा हात धरताच म्हणाली, "अरे, हात तव्यावानी लागतोय." खळ्यावर भात झोडत असलेले वडील तिथूनच बोलले, "सा म्हयने कालेजात जाऊन काय शिकला, तर कुडकुडायला!"

ते रागाने बोलले नव्हते. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि माझ्याशी नेमके काय बोलावे हे त्यांना कळेनासे झाले होते. शेतातले काही विचारायचे तर ते धाकट्या भावाला विचारत. माझ्या वयाचे गावातले सगळे गिरणीत गेले होते. मुंबईच्या वसतिगृहातही मी पंक्तीच्या टोकाला बसून जेवत असे आणि कोणी काही विचारलेच तर 'हो' किंवा 'नाही' म्हणत असे. सुट्टीची मी दिवस मोजून वाट पाहिली होती. घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी मला वाटू लागले, की इथेही मी टोकालाच बसलो आहे.

ताप एकांतरा होता. एक दिवस यायचा, एक दिवस सोडायचा. ज्या दिवशी यायचा त्या दिवशी सूर्य डोक्यावर आला की थंडी वाजू लागे, आणि आई शेताच्या कडेला उन्हात घोंगडी घालून मला निजवी. घरात थंडी जास्त वाजते असे तिचे म्हणणे.

तेव्हा आमच्याकडे कापणीला कातकरवाडीतला एक माणूस आणि त्याची बायको येत असत. एका दुपारी मी घोंगडीवर दातखीळ बसल्यासारखा पडलो होतो. तेवढ्यात तो माणूस विळा बांधावर ठेवून माझ्यापासून चार हात अंतरावर येऊन आडवा झाला आणि गुडघे पोटाशी घेऊन थडथडू लागला. थोड्या वेळाने त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"दादा, तुझा बी आजचाच दिस?"

मी मान हलवली.

"मंग बरा झाला. येकट्याला लय लांब लागतो."

वयाने तो माझ्या वडिलांएवढा होता. तरी गावात सगळे त्याला अरे-तुरे करत आणि मीही करत असे. तो मात्र मला दादा म्हणे. त्या दिवसापासून आमचा दिवस एकच झाला. थंडी उतरून घाम सुटायच्या आधी मध्ये थोडी उसंत मिळे, तेवढ्यात आम्ही बोलत असू. तो विचारी, "मुंबयत डोंगार हाय का?" मी सांगे, "लहान आहे." तो म्हणे, "मंग लोकं पलून जातात कुठं?" मी हसलो की डोके ठणके. सहा महिन्यांत माझ्याशी कोणी इतके बोलले नव्हते, हे मी त्याला सांगितले नाही.

गावात म्हणत, ताप कातकरी आणतात. दिवाळी झाली की कोळशाचा मुकादम त्यांना जंगलातल्या भट्ट्यांवर घेऊन जाई. तिथे ठिकठिकाणच्या वाड्या एकत्र येत आणि पावसाआधी ताप घेऊन परतत, हे खरे होते. पण मी मुंबईत आजारी पडलो होतो, आणि ताप मी आणला असे कोणी म्हणाले नाही. मीही म्हणालो नाही.

एकदा त्याने माझा हात धरून आपल्या डाव्या बरगडीखाली ठेवला. तिथे पोटातली पानथरी तापाने वाढून दगडासारखी लागत होती. "औंदा भट्टीवर जायाचा हाय," तो म्हणाला. "माझा भाऊस मागल्या साली तिथंच ऱ्हायला. जो उठंल त्याला काम. जो न्हाय उठनार त्याच्या तोंडात पानी घालाय कोन थांबतो?" मुकादम तीन-चार आठवड्यांत येणार होता. त्याच्या आत ताप गेला नाही, तर भावासारखेच आपलेही होणार, असे तो अगदी साधेपणाने सांगत होता.

पुढच्या आठवड्यात वडिलांनी मला म्हसळ्याच्या दवाखान्यात पाठवले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी आठवडाभर पुरतील अशा, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दिल्या आणि बजावले, ताप गेला तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. मी त्या सोडल्या नाहीत. त्यांनी कान असे वाजत, की आईच्या हाका मला झऱ्याच्या आवाजातून आल्यासारख्या ऐकू येत. चौथ्या दिवशी आमचा दिवस होता. सूर्य डोक्यावर आला, कलला, मला काहीच झाले नाही. चार हात अंतरावर तो एकटाच थडथडत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. दात वाजत असतानाच तो म्हणाला, "आज तू न्हाय आलास."

तापात त्याला एकट्याला सोडून मी गुपचूप निघून गेलो होतो, असेच मला वाटले.

दवाखान्यात चल, असे मी त्याला सांगून पाहिले. तिथे सुई टोचतात, रक्त काढतात, असे ऐकून तो घाबरला होता. मग मी एक खोटेपणा केला. आठवडा संपल्यावर पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि माझा ताप उलटला असे सांगितले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "गोळ्या तू गिळल्यास की बोकडाला घातल्यास?" त्यांनी दुसरी पुडी बांधून दिली.

ती मी त्याला दिली. रोज सकाळ-संध्याकाळ एक, पेजेनंतर, सगळ्या संपेपर्यंत. त्याने प्रत्येक शब्द पुन्हा म्हणून दाखवला. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कापणीला त्याची बायको एकटीच आली. तिने पदरातून पळसाचे दुमडलेले पान काढले आणि माझ्यापुढे धरले. आत एक गोळी होती.

"दादा, ह्यो तुझा वाटा."

माझ्या लक्षात येईना. ती समजावून सांगू लागली. वाडीत त्याच्याशिवाय अकरा मोठ्या माणसांना ताप होता. त्या सगळ्यांना आणि त्याला एकेक गोळी. दोन लहानग्यांना अर्धी अर्धी. आणि ज्याने आणली त्याचीही एक. शिकार झाली, शेतात मुठे-खेकडे सापडले, की त्यांच्यात असेच वाटे पडत, हे मला ठाऊक होते. घरी राहिलेल्याचाही वाटा ठेवत. ते मी लहानपणापासून पाहिले होते, आणि तरीही पुडी देताना ते माझ्या मनात आले नाही.

मी तसाच वाडीवर गेलो. तो झोपडीबाहेर आडवा झाला होता. ताप चढत होता.

"असं कसं केलंस? तुला सांगितलं होतं ना! एक गोळी खाऊन कुणी बरं होतं का? तुम्हा लोकांना कळतच नाही."

बोलता बोलताच तो आवाज मला ओळखू आला. वसतिगृहातली मुले ज्या आवाजात माझ्याशी बोलत, तोच.

तो रागावला नाही. "मी येकटा उठून काय करू दादा? भट्टी का येकट्यानं लागती? ह्ये पडलेले ऱ्हातील, नि मी त्यांच्याकडं बघत बसू?"

मी घरी न जाता थेट म्हसळ्याला गेलो. पळसाचे पान डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवले आणि सगळे सांगितले. शिक्षा होईल, कॉलेजला पत्र जाईल, असे काय काय मनात येत होते. डॉक्टरांनी ती गोळी बोटाने उलटून पाहिली.

"खोटं बोललास ते वाईटच," ते म्हणाले. "पण एकट्यालाच बरं करायला निघालास, ही त्याहून मोठी चूक. डास एकाच्या अंगातून ताप उचलतो आणि दुसऱ्याच्या अंगात सोडतो. वाडीत अकरा जण तापाने पडले असताना तुझा हा माणूस किती दिवस बरा राहणार? त्यांनी वाटलं ते बरोबरच वाटलं. वाटायला पुरेसं नव्हतं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ते बैलगाडीने वाडीवर आले. सुई बाहेर काढली नाही. एकेकाची पानथरी चाचपली, मुलांसाठी औषधाची बाटली दिली. रस्त्यासाठी माती काढलेल्या खड्ड्यांत पाणी साचले होते, त्यावर घासलेट ओतायला सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गोळ्या यांच्या हातात द्यायच्या नाहीत. सात दिवस तू रोज दोनदा यायचंस, तुझ्यासमोर गिळायला लावायचंस आणि तोंड उघडून बघायचंस. जमेल?"

कॉलेज सुरू व्हायला दोनच दिवस उरले होते. मी वसतिगृहाला पत्र टाकले आणि राहिलो.

ते सात दिवस मी कधी विसरलो नाही. सकाळी वाडीवर गेलो, की सगळे आपोआप ओळीने उभे राहत. मी गोळी देई, ते गिळत, मी म्हणे, "तोंड उघड." म्हातारी माणसेसुद्धा माझ्यापुढे आ करून उभी राहत. पहिल्या दिवशी मुले हसली, तिसऱ्या दिवसापासून हसेनाशी झाली. तो ओळीत सातवा किंवा आठवा असे. त्याच्या तोंडात पाहताना मी नजर वर करत नसे. बोलायला वेळच नसे, कारण त्याच्या मागे आणखी माणसे उभी असत.

पाचव्या दिवशी पुन्हा आमचा दिवस आला. गोळ्या देऊन झाल्यावर मी मुद्दाम थांबलो. तो झोपडीसमोर कोयत्याला धार लावत बसला होता. सूर्य डोक्यावर आला. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. ते थरथरले नाहीत. सावली पलीकडे सरकली, तरीही त्याला काही झाले नाही. मला इतका आनंद झाला, की काहीतरी बोलावेसे वाटले. मी मुंबईची एखादी गंमत आठवू लागलो. त्यानेही एकदा मान वर केली, जणू काही विचारणार होता. पण विचारले नाही.

दोघेही बरे होतो आणि उन्हात बसून राहायला काही कारणच उरले नव्हते.

मुकादम आठव्या दिवशी आला. वाडीतले सगळे गेले. ज्याला चालवत नाही असे कोणी त्यांत नव्हते. तो मडके, कोयता आणि गोधडी घेऊन आमच्या बांधावरून जाताना माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "दादा, जाऊ का?"

याआधी त्याने कशासाठीही माझी परवानगी विचारली नव्हती. मी 'जा' म्हणालो. माझी बोट दुसऱ्या दिवशी होती.