पांढऱ्या फुलाची पारख

डेल्फिनाला एकेचाळीस वर्षं झाली तरी गाव तिला पोरगीच म्हणायचं. तिचे वडील निसेफोरो गावचे वैद्य. आजाऱ्याला काय झालंय ते वेलीच्या बियांना विचारायचं, आणि त्या बिया कुमारिकेनेच वाटायच्या, नाहीतर बी मुकं राहतं, अशी आमच्या डोंगरातली रीत. बाकीच्या पोरी लग्नं करून खाली ओहाका शहरात गेल्या. पाट्यापाशी उरली ही एकटी.

म्हाताऱ्याची दृष्टी गेल्यावर वेल ओळखणंही तिच्याच गळ्यात पडलं. मक्याच्या कडेला दोन जातींच्या वेली एकमेकींत गुंततात. पानं सारखी, फुलंही पांढरीच. पहिली फुलं उमलली की आत डोकावायचं. घशात तपकिरी रेघ असली तर औषधाची, जांभळट असली तर नुसतं रान. औषधाच्या वेलीला लाल दोरा बांधायचा. उन्हं चढून फूल मिटलं की बसा हात चोळत.

बेकरीवाला फिदेन्सिओ, विधुर, सहा वर्षं तिला मागणी घालत होता. म्हातारा म्हणायचा, पारख असलेली दुसरी मुलगी दे, मग खुशाल जा. पोटच्या पोरीला असं खुंट्याला बांधणाऱ्याला मी तरी वैद्य म्हणणार नाही, पण मला विचारतो कोण?

यंदा डेल्फिनाने भावाची अम्पारो तयार केली. तेरा वर्षांची. त्यापायी तिची शाळा सुटली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पहिली फुलं आली त्या सकाळी मी मुद्दाम बांधावर जाऊन उभी राहिले. फिदेन्सिओ नवा सदरा घालून आला होता. अम्पारोने एकेका फुलात डोकावून पाच वेलींना दोरे बांधले. पाचही बरोबर.

म्हाताऱ्याने पोरीचा हात धरला, बोटं चाचपली.

"मजबूत आहेत. तीस वर्षं सहज टिकतील," तो म्हणाला. "काय गं डेल्फिना, जमलं का हिला?"

डेल्फिना त्या धरलेल्या हाताकडे बघत राहिली.

"नाही बाबा. दोन चुकल्या."

म्हाताऱ्याने हात सोडला आणि कुरकुरत घरात गेला. फिदेन्सिओने टोपी घातली आणि उतरणीला लागला. तिने त्याला हाक मारली नाही. मला तिचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

अम्पारो रडवेली झाली होती. "आत्या, कुठल्या दोन?"

"सगळ्या बरोबर होत्या," डेल्फिना हळूच म्हणाली. "म्हणूनच सांगते, उद्यापासून शाळेत जा."