खंडेनवमीचं ओलं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून माझी विडीसुद्धा कधी लपली नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या चाळीतले नाही, एवढंच कारण असावं.

मी गिरणीत फिटर होतो. लालबागच्या आमच्या चाळीत कुणाचा स्टोव्ह, कुणाचा नळ, काही अडलं की लोक माझ्या दारात. संप लांबला, गिरणीला कुलूप लागलं, तरी ही पत शाबूत होती. खरं सांगायचं तर तेवढीच उरली होती.

शेजारचा वसंता लूमखात्यातला. संपात त्याने छऱ्याची एक जुनी बंदूक मिळवली आणि चौपाटीवर फुगे लावून उभा राहू लागला. घर त्यावरच चालायचं. एरवी खंडेनवमीला गिरणीत मागांची पूजा व्हायची. त्या वर्षी माग कुलपात. मग त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, घरात होतं त्या एकुलत्या एक हत्याराची पूजा केली – बंदुकीला झेंडूचा हार, हळद, ओलं कुंकू. किती निगुतीने केली होती, मी पाहिलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर बंदुकीची स्प्रिंग ढिली पडली. छरा फुग्यापर्यंत पोचेना. वसंता ती माझ्याकडे घेऊन आला. स्प्रिंग बदलायची तर लाकडी दस्ता काढायला हवा, आणि दस्त्याचा स्क्रू हलेना. का हलेना, ते मला बघताक्षणी कळलं होतं – हे नीट ऐका. आधीच्या मालकाने आट्यांत लाख भरून तो पक्का केला होता. कडेला ती तांबूस दिसतही होती. तापलेल्या सळईचं टोक स्क्रूवर जरा वेळ धरायचं, लाख मऊ होते, मग खाचेत नेमका बसेल असा स्क्रूड्रायव्हर घालून सावकाश फिरवायचं. उमेदवारीतच शिकलो होतो मी हे.

मग तसं का केलं नाही? गॅलरीत पाच-सहा जण जमले होते, सगळेच रिकामे. कुणीतरी म्हणालं, "काय फिटरसायेब, गिरणीसारखे हातपण बंद पडले काय?" सगळे हसले. मला राग आला – एवढ्याशा गोष्टीचा! सळई तापवायला आत जायचं म्हणजे हरल्यासारखं वाटलं. हाताला लागला तो अरुंद स्क्रूड्रायव्हर लावला आणि वर हातोडी हाणली. पहिल्या घावाला खाच गेली. दुसऱ्याला दस्ता उभा चिरला.

वसंताचा चेहरा – नको. वहिनी दारातच उभ्या होत्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "ओलं कुंकू लावलंत ना वहिनी, पाणी आत गेलं. गंजाने धरलाय स्क्रू."

गंजाचा कणही नव्हता. ते विचार करून बोललो नाही, असं म्हणावंसं वाटतं. पण नंतरची इतकी वर्षं? ती तर विचार करूनच गप्प बसलो ना?

दिवाळीचा धंदा गेला, मग चौपाटीवरची जागाही दुसऱ्याने धरली. वसंताने वहिनींवर हात उगारला नाही. पण कित्येक दिवस बोलला नाही, आणि बोलला तो चारचौघांत – "आमच्या हिने बंदूक पुजून मारली." अजून म्हणतो. लोक हसतात. वहिनीही हसतात. आणि मीही हसतो – याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

वहिनींनी पुढे शिलाई मशीन घेतलं, त्यावर घर सावरलं. गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला, आम्ही म्हातारे झालो. यंदाही खंडेनवमीला त्यांनी मला हाक मारली. यंत्राच्या बाबतीत त्या अजून माझाच शब्द मानतात. मशीनला हार घातला होता. चिमटीत कोरडं कुंकू धरून त्या थांबल्या होत्या.

"भावजी, सुक्याच लावतंय हां. चलात मा?"

दरवर्षी विचारतात. मी मशीनवर वाकलो, नीट तपासल्यासारखं केलं आणि म्हटलं, चालेल.